दहापैकी साडेसात

जहाजावर मुख्य भोजनगृहं दोन होती आणि दोन्हीकडे एकाच मुदपाकखान्यातून तेच जेवण येत असे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बाईंना जेवण आवडलं नसेल. मीही चार दिवस हेच म्हणत होतो.

एकाचं नाव मोगरा, दुसऱ्याचं केवडा. मध्ये एक लांबलचक काचेची भिंत. पलीकडचं दिसतं, पण ऐकू येत नाही. जहाज मुंबईहून कोचीला जाऊन परत येणारं, एकूण सात दिवस. पण आम्ही काही समुद्र बघायला गेलो नव्हतो. दापोलीजवळ 'सायंतारा' नावाचं ज्येष्ठांचं संकुल आहे. तिथे खोली मिळण्याआधी ही जहाजाची सफर करावी लागते. संकुलातही मोगरा आणि केवडा अशाच दोन इमारती आहेत, टेकडीच्या दोन टोकांना, मध्ये पाऊण किलोमीटरचा चढ. जहाजावर ज्या भोजनगृहात तुमचं पोट रमेल, त्या इमारतीत तुमची खोली. सातव्या दिवशी सही करायची. सही ज्याची त्याने करायची. नवरा-बायकोने मिळून एक सही, अशी सोय नाही.

मी उदय जगदाळे. ठाण्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. त्यातली एकोणीस वर्षं दहावीच्या पेपरांचा मॉडरेटर होतो, म्हणजे इतरांनी दिलेल्या मार्कांना मार्क देणारा. माझी पत्नी ज्योत्स्ना मूळची अचलपूरची, देशमुखांची. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. गेली सहा वर्षं तिचं पोट दुखत होतं. सोनोग्राफी झाली, दुर्बीण घालून झाली, रक्त तर इतक्या वेळा दिलं की एखादा रुग्ण बरा झाला असता. सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी ते तारीखवार फायलीत लावलेले आहेत.

निघण्याआधी एकशे वीस प्रश्नांचा फॉर्म आला. आमच्या घरात फॉर्म भरणं माझ्याकडे. तिचाही मीच भरायला घेतला.

"तिखट आवडतं का, असं विचारलंय," मी म्हणालो.

"काहीही चालेल," ती कपड्यांच्या घड्या घालत म्हणाली.

मी लिहिलं, 'नको'. मला पित्त आहे, त्यामुळे आमच्या घरात तिखट कधी होतच नाही.

"जेवताना बोलायला आवडतं की ऐकायला?"

"तुम्हीच लिहा ना काय ते."

मी लिहिलं, 'ऐकायला'.

आता थोडं विज्ञान. घाबरू नका, मी दहावीपर्यंतच शिकवायचो.

आपलं हृदय घड्याळासारखं टिकटिकत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर सारखं बदलत असतं, क्षणभर जास्त, क्षणभर कमी. माणूस निवांत असला की हे अंतर मोकळेपणाने बदलतं, जशी मधल्या सुट्टीतली मुलं. माणूस धास्तावला की सगळे ठोके एका अंतरावर उभे राहतात, जशी मुख्याध्यापक आल्यावर तीच मुलं. हा कारभार मेंदूपासून थेट जठरापर्यंत जाणारी व्हेगस नावाची एक लांब नस बघते. म्हणजे हृदयाची मुलं रांगेत उभी राहिली की जठरही काम थांबवून हाताची घडी घालतं. हे जुनं ज्ञान झालं. नवं ते असं की, चांगल्या संगतीत वीसेक मिनिटं जेवलं, तर जेवणाऱ्यांच्या ठोक्यांची चाल हळूहळू एकमेकांना मिळत जाते आणि ही चाल खोटी काढता येत नाही. हसू खोटं आणता येतं, 'वा' खोटं म्हणता येतं. नसेला अभिनय येत नाही. चेन्नईच्या कुणा संशोधिकेने हजारो पंगती मोजल्या आणि सिद्ध केलं की माणूस काय खातो याच्याइतकंच तो कुणासमोर बसून खातो, हे पचनाला महत्त्वाचं.

मग कुणीतरी त्याचा पट्टा बनवला. पट्टा मनगटावर, आणि गळ्याशी टिकलीएवढी एक चकती, घास मोजायला. संगतीत ज्याची चाल मोकळी, त्याच्या पट्ट्यावर हिरवा दिवा, ज्याची आखडली त्याच्या पिवळा. लाल मुद्दाम ठेवलेला नव्हता. म्हाताऱ्या माणसांना लाल दाखवू नये, असं कंपनीचं धोरण.

पहिल्या दिवशी आम्ही दोघं मोगऱ्यात जेवलो. आमटी आली, मी पहिला घास घेतला आणि सवयीने म्हणालो, "सात." हिचा दिवा पिवळा. मी म्हटलं, बोट लागली असेल. दुसऱ्या दिवशी दोघं केवड्यात. मी म्हणालो, "साडेसहा, भात फडफडीत." पुन्हा पिवळा. तिसऱ्या दिवशी वाटणी झाली. मी मोगऱ्यात, ती केवड्यात.

"मशीन बिघडलंय," मी जाहीर केलं.

"असेल," ती म्हणाली आणि केवड्याकडे निघाली. अडतीस वर्षांत ती माझ्याआधी जेवायला निघाल्याचं मी प्रथमच पाहत होतो.

मोगऱ्यात माझ्या टेबलावर गुळवणी नावाचे गृहस्थ होते. साताऱ्याचे, वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. बसल्या बसल्या त्यांनी वाटी हातात तोलली.

"जगदाळे सर, ही वाटी दीडशे मिलीची म्हणतात. एकशे चाळीसच्या वर असली तर माझं नाव बदला."

"भाजीही सव्वासहाच्या वर जात नाही," मी म्हणालो.

"सहा. सव्वा कशाबद्दल?"

"कोथिंबीर ताजी आहे."

दोघांचे दिवे हिरवेगार. आजूबाजूला नजर टाकली, तर सगळं भोजनगृह हिरवं. प्रत्येक टेबलावर सगळे एकाच वेळी बोलत होते. ऐकत कुणीच नव्हतं. इतकी सुखी माणसं मी एका जागी कधी पाहिली नव्हती.

काचेपलीकडे ज्योत्स्ना भाकरी मोडत होती. तिच्या समोर दोन बायका आणि एक टकले गृहस्थ. कुणी फारसं बोलत नव्हतं. मध्येच ती काहीतरी म्हणाली आणि सगळे हसले. मग ती स्वतः हसली, तोंडावर हात न धरता. ती विनोद करते, हे मला माहीत नव्हतं. तिच्या ताटात लालभडक काहीतरी होतं.

"ठेचा होता," ती नंतर म्हणाली. "मागितला तर देतात."

"तुला तिखट चालत नाही."

"तुम्हाला चालत नाही," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. माझी औषधं सांगावीत तसं तिने सांगितलं. "मी ओट्याशी उभी राहून खायची. तुमचं सगळ्यांचं झाल्यावर."

मला सुटका झाल्यासारखं वाटलं. म्हणजे प्रश्न ठेच्याचा होता. मी तडक भोजन-समन्वयकांच्या खोलीत गेलो. ऋचा पेडणेकर नावाची पस्तिशीची मुलगी होती, मालवणकडची.

"ठेचा मोगऱ्यातही मिळत असेल, तर आम्हाला एकत्र बसवा," मी म्हणालो. "फॉर्म भरताना माझी एक चूक झाली होती."

"एक नाही काका," ती म्हणाली. "काकूंचा फॉर्म आणि काकूंचं शरीर यांचा मेळ शंभरात अकरा येतो. तुमचा स्वतःचा एक्क्याण्णव आहे. त्यांचा फॉर्म कुणी भरला?"

मी खिडकीतून समुद्र बघितला. समुद्र होता.

"बसा," ती म्हणाली आणि पडद्यावर आलेख काढला. आलेख मला वाचता येतो. खालच्या अक्षावर मिनिटं होती, वर ठोक्यांचा मोकळेपणा. निळी रेषा ज्योत्स्नाची. जेवायला बसेपर्यंत ती छान वरखाली होत होती. मग एका जागी कडा तुटल्यासारखी खाली पडली होती आणि जेवण संपून पाऊण तास झाला तरी वर आलेली नव्हती.

"ही पहिल्या दिवसाची, ही दुसऱ्या. दोन्ही वेळा रेषा पडते ती तुम्ही पहिला घास गिळल्यावर. त्यांनी नाही, तुम्ही. तुमचा घास जाईपर्यंत त्या जेवायला सुरुवातच करत नाहीत, बघितलंत? तेव्हा तुम्ही काही म्हणता का, काका?"

"काही नाही. मार्क देतो."

"कशाला?"

"जे असेल त्याला. भाजीला, आमटीला. दहापैकी. गंमत असते ती आमच्या घरातली."

"रोज?"

"दोन वेळा."

तिने काहीतरी लिहून घेतलं. डॉक्टर लिहितात तसं. मी मान लांब करूनही वाचता येऊ नये इतकं बारीक.

ही गंमत लग्नानंतरच्या पहिल्या दिवसापासूनची. तिने वांग्याची भाजी केली होती. घरभर पाहुणे. मी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणालो, "साडेसहा." सगळे खो खो हसले. तीही हसली. तेव्हापासून ती वाट बघायची. पुढे भाज्या सुधारत गेल्या. साडेसातापर्यंत आल्या. एकदा, आमच्या मुलीच्या, गौतमीच्या बारशाला, आठ. दहा मी कुणालाच कधी दिले नाहीत. शाळेतही नाही. दहा दिले की सुधारणा थांबते.

मी मनात गुणाकार केला. अडतीस वर्षं, रोज दोन वेळा. अठ्ठावीस हजारांच्या आसपास येतं. एकोणीस वर्षांत मी दहावीचे इतके पेपर तपासले नव्हते.

"पोट कधीपासून दुखतं त्यांचं?" ऋचाने विचारलं.

"सहा वर्षं."

"आणि तुम्ही निवृत्त कधी झालात?"

"सहा वर्षं," मी म्हणालो. निवृत्तीआधी दुपारचा डबा असायचा. डब्याचे मार्क संध्याकाळी मिळायचे, म्हणजे थोडे शिळे. निवृत्तीनंतर दोन्ही वेळा ताजे मिळू लागले.

"आता त्यांचं दुखणं कसं आहे?"

हे मी विचारलंच नव्हतं.

सकाळी डेकवर आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो होतो. तिने स्वेटरच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या होत्या.

"पोट कसं आहे?"

"बरं आहे. परवापासून दुखलंच नाही. समुद्राची हवा असेल."

"ज्योत्स्ना, तुला माझा त्रास होतो का?"

"काहीतरीच," ती म्हणाली.

बाहीच्या विणीतून पिवळा उजेड आला. दोघांनीही तो पाहिला. तिने दुसऱ्या हाताने मनगट झाकलं. "यंत्र आहे हो ते. त्याला काय कळतंय." मग बोटांच्या फटीतूनही उजेड आला, तेव्हा ती उठली आणि चहा आणते म्हणून गेली. बराच वेळ आली नाही. आली तेव्हा चहा एकच होता, माझा. बिनसाखरेचा, आलं घातलेला, बरोबर मला लागतो तसा. आठ मार्कांचा होता, पण मी दातांखाली जीभ धरून गप्प बसलो. ती माझ्याकडे बघत उभी होती. मी दुसरा घोट घेतला. ती अजून उभीच. मी तिसरा घेतला.

"काय झालं?" तिने शेवटी विचारलं. "बिघडलाय का?"

म्हणजे बोललं तरी पिवळा आणि गप्प राहिलं तरी पिवळा.

सहाव्या दिवशी मी पुन्हा ऋचाकडे गेलो. मी शिकायला तयार होतो. साठीनंतर माणूस शिकत नाही, असं म्हणणाऱ्यांना मी वर्गात नेहमी नापास केलं आहे.

"श्वासाचे व्यायाम असतील तर सांगा. घास बत्तीस वेळा चावतो. ठेचाही खातो."

"तुमचा दिवा हिरवाच आहे काका," ती म्हणाली. "तुमच्या शरीराला काहीच त्रास नाहीये. काकूंबरोबर जेवतानाही तुमचा हिरवाच होता. तुमच्या बाजूने मेळ शहाण्णव."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. शहाण्णव मार्क मला आयुष्यात कधी मिळाले नव्हते.

"मग शिकून काय उपयोग होईल?" मी विचारलं.

"वर्षभर लागतं," ती म्हणाली. "कधी जास्त. पलीकडच्या माणसाच्या नसेला जे पाठ झालंय, ते पुसायला. तोपर्यंत त्यांना रोज दोन वेळा परीक्षेला बसवावं लागेल. काकूंचे पोटाच्या ताणाचे आकडे तीन दिवसांत निम्म्यावर आलेत. मी त्यांची मुलगी असते, तर बसवलं नसतं."

निघताना मी सातव्या दिवसाचा पाहुणा-पास मागितला. केवड्यातल्या माणसाने बोलावलं, तर दुसऱ्याला एक वेळ तिथे जेवता येतं. ज्योत्स्नाला विचारलं, तर ती म्हणाली, "या की." तिने ते आनंदाने म्हटलेलं असावं अशी माझी इच्छा होती. मी बाहीकडे बघितलं नाही.

संध्याकाळी सात वाजता मी केवड्यात गेलो. बाहेर नुकताच अंधार पडला होता. दारातून आत येताना तिचा आवाज कानावर पडला. टेबलावरच्या बाईंना ती सांगत होती, "मले त भाकरीच लागते, पोळीनं माह्यं पोट भरत नाई." मी जागीच थांबलो. ही भाषा ती आमच्या घरी आल्यावर महिनाभर बोलली होती. माझी आई 'मले' ऐकून हसायची, पदर तोंडाला लावून. मग ती बंद झाली. मला वाटायचं, विसरली.

मला बघितल्यावर ती म्हणाली, "या. बसा. मला वाटलं उशीर होतोय." ठाण्याच्या मराठीत.

टेबलावरच्यांनी नमस्कार केला आणि पुन्हा आपापल्या ताटाकडे वळले. वांग्याची भाजी होती. वाफ येत होती. मी ठरवून आलो होतो की तोंड उघडायचं ते फक्त घासासाठी. मी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला, तोंडात घातला. भाजी खरंच चांगली होती.

ज्योत्स्नाने हातातला घास परत ताटात ठेवला. मान थोडी वर केली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

हा चेहरा मी अठ्ठावीस हजार वेळा पाहिला होता. पण पाहताना तोंडात घास असायचा आणि लक्ष चवीकडे. आज पहिल्यांदा चेहऱ्याकडे लक्ष गेलं. निकालाच्या दिवशी फलकासमोर मागच्या रांगेत उभी राहणारी मुलं असतात ना, पुढे यायचं धाडस नसलेली, त्यांच्यासारखी ती दिसत होती. साठी ओलांडलेली, चष्मा लावलेली.

गप्प राहिलो तर काय होतं, ते मी डेकवर पाहिलं होतं. काहीतरी बोलायला हवं होतं आणि मला जेवणाच्या ताटावर एकच भाषा येते.

"दहा," मी म्हणालो. "दहापैकी दहा."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. वहीत चूक सापडलेला विद्यार्थी गुरुजींना दाखवायला कचरतो, तसं.

"हे मी केलेलं नाही हो," ती हळूच म्हणाली.

शेजारच्या बाईंनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. ज्योत्स्नाचा पिवळा दिवा ताटाच्या कडेवर पडला होता. अडतीस वर्षांत मी एकदाच दहा दिले, आणि ते जहाजाच्या आचाऱ्याला दिले.

जेवण झाल्यावर दोन फॉर्म आले. एकेका ओळीचे. सवयीने दोन्ही माझ्यासमोर ठेवले गेले आणि सवयीने मी खिशातून पेन काढलं. माझ्या फॉर्मवर 'मोगरा' लिहिलं, सही केली. दुसरा फॉर्म जवळ ओढला. नाव लिहून झालं, ज्योत्स्ना उदय जगदाळे. मग पेन थांबलं. मी फॉर्म आणि पेन तिच्याकडे सरकवलं.

"काय लिहू?" तिने विचारलं.

"तुला वाटेल ते."

तिने पेन हातात घेतलं. मी मनात म्हणालो, आता ही म्हणेल, काहीही चालेल. तसं ती म्हणाली असती, तर मी काय केलं असतं मला ठाऊक आहे. मी 'मोगरा' लिहिलं असतं. मी काही थोर माणूस नाही.

तिने 'केवडा' लिहिलं. अक्षर सुंदर होतं, वळणदार. तिचं अक्षर असं आहे, हेही मला नवीन होतं. आमच्या घरात फॉर्म मीच भरत असे. सही करताना तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिने ते पदराने टिपलं आणि माझं पेन मला परत दिलं, टोपण लावून. तेव्हा माझी नजर तिच्या मनगटावर गेली. दिवा हिरवा होता.

सायंताऱ्यात येऊन आता चार महिने झाले. रविवारी ती चढ चढून माझ्याकडे येते. मी जाऊ शकत नाही, गुडघे. आम्ही गौतमीबद्दल बोलतो, आंब्याच्या मोहराबद्दल बोलतो. ती पूर्वीपेक्षा टवटवीत दिसते. पोट दुखत नाही, म्हणते. रिपोर्टची फाईल मी कपाटात ठेवली आहे. शेवटच्या पानावर निदानाची जागा रिकामी होती, तिथे मी माझं नाव लिहिलं आणि तारीख घातली. बारा वाजले की ती घड्याळाकडे बघते आणि उठते. जेवणाची वेळ होण्याआधी उतार उतरायचा असतो. "येते हं," म्हणते. मी खिडकीतून बघत राहतो. चढाच्या वळणावर वळेपर्यंत तिची बाही दिसते. इतक्या लांबून दिव्याचा रंग कळत नाही, हे बरं आहे.

मग मी खाली मोगऱ्यात जातो. गुळवणींची पत्नीही केवड्यातच असते. त्यांनी हे मला कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. समोर वाटी येते. ते ती हातात तोलतात. मी पहिला घास घेतो. समोर कुणी वाट बघत नसतं.

"साडेसात," मी म्हणतो.

"सात," गुळवणी म्हणतात.

आणि आमचे दोन्ही दिवे हिरवे होतात.